संचित वारंवारतेचा आलेख : काढणे व वाचणे
(शिक्षक-संमेलनातील व्याख्यान)



प्रत्येक शाळेत हजेरीपट असतो. महिन्याच्या व सत्राच्या अखेरीस त्यावरून सरासरी हजेरी काढली जाते आणि ती वरिष्ठांकडे कळविली जाते. सरासरी हा उपयुक्त आकडा आहे, याबद्दल दुमत नाही. तथापि त्या एका आकड्याआड पुष्कळ मुले दडून राहतात. ती दृष्टीस कशी आणावयाची, हा या व्याख्यानाचा विषय होय. त्याचे साधन गणितातलेच आहे. त्यास ‘संचित वारंवारतेचा आलेख’ असे म्हणतात.

उदाहरणादाखल दोन गावांतील दोन शाळा कल्पू या. प्रत्येक शाळेत ६० मुले आहेत आणि सत्रात कामाचे १०० दिवस भरले. मुलांच्या हजेरीच्या दिवसांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे :

० ते २० दिवस : पहिल्या शाळेत ३ मुले, दुसऱ्या शाळेत ०
२० ते ४० दिवस : पहिल्या शाळेत ५, दुसऱ्या शाळेत ०
४० ते ६० दिवस : पहिल्या शाळेत ६, दुसऱ्या शाळेत ६
६० ते ८० दिवस : पहिल्या शाळेत १६, दुसऱ्या शाळेत ४३
८० ते १०० दिवस : पहिल्या शाळेत ३०, दुसऱ्या शाळेत ११

प्रत्येक गटाचा मध्यबिंदू घेऊन सरासरी काढली, तर दोन्ही शाळांची बेरीज ४,३०० येते व सरासरी सुमारे ७२ दिवस येते. अहवालात दोन्ही शाळा एकाच पंक्तीत बसतात. परंतु पहिल्या शाळेत ८ मुले अशी आहेत की, ती ४० दिवससुद्धा शाळेत आलेली नाहीत. दुसऱ्या शाळेत असे एकही मूल नाही. ज्या शिक्षकाने केवळ सरासरी पाहिली, त्याच्या दृष्टीने ही आठ मुले अस्तित्वातच नाहीत.

वर्ग व वर्गमर्यादा

वरील मांडणीस ‘वर्गीकृत सामग्री’ म्हणतात. येथे ‘वर्ग’ म्हणजे इयत्ता नव्हे, तर आकड्यांचा गट, हे विद्यार्थ्यांस प्रथमच सांगावे. अन्यथा घोटाळा होतो. ‘२० ते ४०’ या वर्गात २० किंवा त्याहून अधिक, परंतु ४० हून कमी दिवस आलेली मुले मोजली आहेत. बरोबर ४० दिवस आलेला मुलगा पुढच्या वर्गात जातो. केवळ अखेरच्या वर्गात १०० हा आकडाही धरला आहे. एका वर्गात जितकी मुले पडतात, ती त्या वर्गाची वारंवारता.

कित्येकदा वर्ग १ ते १०, ११ ते २०, असे तुटक मांडलेले असतात. अशा वेळी दोन वर्गांमधील फट निम्मी निम्मी वाटून मर्यादा ०·५ ते १०·५, १०·५ ते २०·५ अशा जोडून घ्याव्यात आणि मगच आलेखास हात घालावा.

मागची बाकी पुढे ओढणे

संचित वारंवारता ही कल्पना खेड्यातील मुलास मुळीच परकी नाही. दुकानदार वहीचे पान उलटताना मागची बाकी पुढे ओढतो व तीत नवी रक्कम मिळवितो. येथेही तेच करावयाचे. पहिल्या शाळेची बेरीज अशी होते : २० दिवसांहून कमी आलेली मुले ३, ४० हून कमी, ३ व ५ मिळून ८, ६० हून कमी १४, ८० हून कमी ३०, आणि सत्रअखेरच्या १०० दिवसांपर्यंत सर्व ६०. दुसऱ्या शाळेची बेरीज त्याच क्रमाने ०, ०, ६, ४९ व ६० अशी येते. शेवटची बेरीज एकूण मुलांइतकी आली नाही, तर मध्ये कोठे तरी चूक झाली आहे, हे ताबडतोब ओळखावे.

आलेखाची आखणी

आडव्या अक्षावर हजेरीचे दिवस व उभ्या अक्षावर मुलांची संचित संख्या घ्यावी. आडव्या अक्षावर १ सें. मी. म्हणजे १० दिवस आणि उभ्या अक्षावर १ सें. मी. म्हणजे ५ मुले, असे प्रमाण घेतल्यास आकृती १० सें. मी. रुंद व १२ सें. मी. उंच होते व वहीच्या पानावर नीट बसते. आलेख-कागद नसल्यास फळ्यावर पट्टीने समान अंतराच्या उभ्या-आडव्या रेषा ओढूनही काम भागते.

पहिल्या शाळेसाठी २० दिवसांवर ३, ४० वर ८, ६० वर १४, ८० वर ३० आणि १०० वर ६० असे बिंदू मांडावेत. आरंभ मात्र ० दिवस व ० मुले या बिंदूपासून करावा, कारण शून्याहून कमी दिवस कोणीच आलेले नाही. हा आरंभबिंदू पुष्कळदा विसरला जातो व वक्र अधांतरी लोंबकळतो. नंतर सर्व बिंदू क्रमाने जोडावेत. बिंदू पट्टीने जोडल्यास गणित व आकृती यांचा मेळ काटेकोर राहतो. हाताने गुळगुळीत वक्र काढल्यास वाचन थोडे फार बदलते. ही रेषा कधीही खाली उतरत नाही. एखाद्या विद्यार्थ्याची रेषा खाली वळलेली दिसली, तर त्याने बेरीज चुकविली आहे किंवा साधी वारंवारताच मांडली आहे, असे समजावे.

सर्वांत अधिक चूक घडते ती बिंदूच्या जागेविषयी. स्तंभालेखाच्या सवयीने विद्यार्थी बिंदू वर्गाच्या मध्यावर मांडतात. हे का चालत नाही, याचे उत्तर बेरजेच्या अर्थातच आहे. ‘१४’ हा आकडा ६० दिवसांहून कमी आलेल्या सर्व मुलांचा आहे. ५० दिवसांपाशी ती सर्व मुले अद्याप मोजून झालेली नाहीत. म्हणून बिंदू वरच्या वर्गमर्यादेवरच पडला पाहिजे. बिंदू मध्यावर मांडल्यास रेषा ६० दिवसांवर १४ ऐवजी २२ मुले दाखवील, म्हणजे आठ मुलांना विनाकारण अनियमित ठरवील. वर्गाच्या अर्ध्या अंतराची ही चूक वहीत लहान दिसते. परंतु त्या आठ मुलांच्या पालकांना ती लहान वाटणार नाही.

आलेखाचे वाचन

आलेख काढणे हे निम्मे काम होय. त्याचे वाचन दोन दिशांनी करता येते.

उभ्या अक्षावरून निघून आडव्यावर उतरणे, ही पहिली दिशा. ६० मुलांच्या निम्मे म्हणजे ३०. उभ्या अक्षावर ३० पासून आडवी रेषा काढावी, ती वक्रास मिळेल तेथून लंब खाली सोडावा. पहिल्या शाळेत तो ८० वर पडतो. हा मध्यक होय. निम्मी मुले ८० दिवसांहून कमी आली व निम्मी ८० किंवा अधिक दिवस आली. १५ पासून तीच कृती केल्यास पहिला चतुर्थक सुमारे ६१ दिवस व ४५ पासून केल्यास तिसरा चतुर्थक ९० दिवस मिळतो. मधली निम्मी मुले या २९ दिवसांच्या पट्ट्यात सामावलेली आहेत. दुसऱ्या शाळेचा मध्यक याच रीतीने सुमारे ७१ दिवस येतो.

येथे क्षणभर थांबावे. मध्यक पाहिला तर पहिली शाळा सरस ठरते. सरासरी पाहिली तर दोन्ही समान. ४० दिवसांवरची उंची पाहिली तर पहिल्या शाळेची स्थिती चिंताजनक. तिन्ही वाचने खरी आहेत. म्हणूनच कोणताही एक आकडा पुरेसा नसतो व सर्व रेषा डोळ्यांपुढे असावी लागते.

आडव्या अक्षावरून निघून उभ्यावर जाणे, ही दुसरी दिशा. ७५ दिवसांहून कमी किती मुले आली, असा प्रश्न असेल तर ७५ वर लंब उभारावा व वक्रावरून डावीकडे जावे. उत्तर २६ येते. मात्र हे उत्तर अंदाजी आहे. ६० ते ८० या वर्गातील १६ मुले त्या २० दिवसांत समान विखुरली आहेत, असे त्यात गृहीत धरले आहे. हजेरीपट उघडून मोजल्यास संख्या २४ किंवा २८ ही निघू शकेल. वर्गमर्यादांवरचे आकडे पक्के व मधले आकडे अनुमानाचे, हा भेद शिक्षकाने कधीही विसरू नये.

रेषेच्या चढावरूनही अर्थ कळतो. जेथे चढ उभा, तेथे मुलांची दाटी. जेथे रेषा जवळजवळ आडवी, तेथे मुले विरळ. दुसऱ्या शाळेची रेषा ४० पर्यंत जमिनीलाच चिकटून राहते व ६० ते ८० मध्ये एकदम उसळते. पहिल्या शाळेची रेषा आरंभापासूनच हळूहळू उचलली जाते. तो आरंभीचा मंद चढ म्हणजेच ती आठ मुले.

याच सामग्रीवरून ‘इतके किंवा अधिक’ असा उलट आलेखही काढता येतो. त्यात बिंदू खालच्या वर्गमर्यादेवर मांडावयाचे असतात. पहिल्या शाळेत ते ० वर ६०, २० वर ५७, ४० वर ५२, ६० वर ४६ व ८० वर ३० असे पडतात आणि रेषा उतरत जाते. दोन्ही रेषा परस्परांस जेथे छेदतात, तेथून लंब सोडल्यास तोच ८० हा मध्यक मिळतो. कामाची पडताळणी करण्यास ही रीत सोयीची आहे.

या आलेखाची परंपरा

या आकृतीस दोन शतकांचा इतिहास आहे. जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२१ मध्ये पॅरिसच्या लोकसंख्येचा असा आलेख काढला होता. अमुक वय किंवा त्याहून अधिक वय असलेली माणसे किती, हे त्यात दाखविले होते. पुढे इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने १८७५ मध्ये या वक्रास कमानीच्या आकारावरून ‘ओजाइव्ह’ हे नाव दिले. १८८४ च्या लंडन येथील आरोग्य-प्रदर्शनात त्याने लोकांची अनेक मापे घेतली. त्यांत २३ ते २६ वर्षांच्या ५१९ पुरुषांच्या ओढण्याच्या शक्तीची नोंद होती. तिचा शेवटचा वर्ग ‘१०० पौंडांहून अधिक’ असा मोकळाच होता व त्यात २४ जण होते. अशा सामग्रीची सरासरी अंदाजावाचून काढता येत नाही, कारण त्या २४ जणांनी किती अधिक ओढले हे कळत नाही. मध्यक मात्र वाचता येतो. ७० पौंडांखाली १९२ व ८० पौंडांखाली ३६० जण होते, म्हणून मधला माणूस सुमारे ७४ पौंडांवर सापडतो.

आपल्याकडे या विचारपद्धतीने मोठे राष्ट्रीय प्रश्न हाताळले गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. राष्ट्रीय नमुना पाहणीतील खर्चाच्या आकड्यांवर तो आधारलेला होता. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये व नागरी भागात २२ रुपये ५० पैसे ही किमान खर्चाची रेषा त्यांनी धरली. ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली आहेत, असे त्यांना आढळले. ‘इतक्याहून कमी किती?’ हाच प्रश्न तेथे होता. शाळेतील ४० दिवसांवरचा लंब व राष्ट्रातील दारिद्र्यरेषा यांचे गणित एकच आहे.

आलेखानंतर काय?

आलेख किती मुले मागे आहेत ते सांगतो. कोणती व का, हे सांगत नाही. त्यासाठी शिक्षकाने पुन्हा हजेरीपटाकडे वळावे व तेथून घरापर्यंत जावे. पहिल्या शाळेतील त्या आठ मुलांपैकी कोणी ऊसतोडीस गेलेल्या आईबापांबरोबर गाव सोडून गेले असेल, कोणी धाकट्या भावंडास सांभाळीत घरी बसले असेल, कोणी दीर्घ आजारी असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा. दुसऱ्या शाळेत मात्र बहुतेक सर्वच मुले थोडी थोडी गैरहजर राहतात. तेथे घरोघर फिरण्यापेक्षा आठवडी बाजाराचा दिवस, सुगीचा हंगाम किंवा पावसाळ्यातील ओढ्याची वाट यांकडे पाहणे अगत्याचे ठरेल. समान सरासरी असलेल्या दोन शाळांना भिन्न उपाय हवेत, हे या दोन रेषा शेजारी ठेवल्याखेरीज ध्यानात येत नाही.

वरच्या इयत्तांतील मुलांकडून हा आलेख करवून घेताना एक पथ्य पाळावे. हजेरी किंवा गुण यांचा आलेख काढताना कोणाचेही नाव फळ्यावर येऊ नये. मुलांसाठी उंची, घरापासून शाळेचे अंतर किंवा गावात रोज पडलेला पाऊस असे विषय अधिक योग्य होत. हजेरीचा आलेख शिक्षकाने स्वतःच्या टाचणवहीत काढावा.

सत्र संपताच अर्ध्या तासात ही आकृती तयार होते. पुढील सत्राच्या अखेरीस त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने नवी रेषा काढावी. ४० दिवसांवरची तिची उंची आठावरून पाचावर व पाचावरून दोनावर आली, तर शिक्षकाचे श्रम फळास आले असे समजावे. आणि दोनावर ती थांबली, तर त्या दोन मुलांची घरे कोठे आहेत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.