ज्येष्ठांच्या ताटाचे माप
(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मी बी. कॉम. होऊन कापडाच्या गादीवर बसलेला माणूस. वैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण माझ्या दुकानातील एक प्रसंग आहे.

तुर्भ्याच्या एक वृद्ध भगिनी दर दिवाळीला माझ्याकडून तयार ब्लाउज नेत असत. त्यांच्या दिवंगत यजमानांनी धान्य बाजारात माथाडी म्हणून आयुष्यभर पोती वाहिलेली. एका वर्षी त्यांना ३६ ऐवजी ३२ चे माप लागले. मी काय केले? ३२ चे काढून दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. चार इंचांची घट डोळ्यांना दिसली, मनाला शिवली नाही. पुढच्या दिवाळीला त्या आल्या नाहीत. रोखीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता कोण लिहून घेतो?

नंतर एका डॉक्टर स्नेह्यांकडून कळले, की वृद्धांचे कुपोषण ओळखण्यासाठी एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीन महिन्यांत आहार घटला का, वजन उतरले का, घराबाहेर पडता येते का, असे साधे प्रश्न. वजन-उंची घेता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजायचा. तो ३१ सेंटिमीटरहून, म्हणजे सुमारे सव्वाबारा इंचांहून कमी भरला तर सावध व्हायचे. आमच्या धंद्यातील टेपेचा असाही उपयोग! २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील साठीपुढील चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले होते.

आता व्यापाऱ्याचा हिशेब. रेशनवर प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य, २०२३ पासून मोफत. दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. श्रावणबाळ योजनेचे अर्थसाहाय्य २०२३ मध्ये दीड हजार झाले. दिवसाला ५० रुपये. त्यातच औषध, गॅस, वीज. धान्याने पोट भरते, पण स्नायू टिकायला डाळ-दूध हवे, आणि नेमके तेच विकत घ्यावे लागते. दात गेलेल्यांना भाकरी चावत नाही; मग चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस निघतो.

आपल्या समाजात याला आणखी एक आडपडदा आहे. कोणी जेवले नाही, तर आपण उपवास समजून अनुमोदना करतो. तप स्वेच्छेचे असते. डब्यात डाळ नाही म्हणून घडलेल्या उपवासाचे पच्चक्खाण कुणी घेतलेले नसते.

आपला ट्रस्ट दरमहा गहू, तांदूळ, साखर आणि चहा असा शिधा देतो. देणाऱ्यांच्या भावनेविषयी शंका नाही. परंतु गहू-तांदूळ बहुतेकांना रेशनवर मिळतातच. तेवढ्याच रकमेत मूगडाळ, डाळ्याचे पीठ, शेंगदाण्याचे कूट आणि दुधाची कूपने द्यावीत, अशी माझी सूचना आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. शिधा घरोघरी पोहोचविणाऱ्या कार्यकर्त्यांना लागतील तेवढ्या टेपा माझ्या दुकानातून न्याव्यात. सोबत एक वहीही देईन. तिच्यात घेराच्या आकड्याशेजारी पत्त्याचा रकाना आखलेला आहे.