दुसऱ्याच्या घरातलं मूल

(मुंबई उपनगरांतील शालेय समुपदेशकांच्या वार्षिक परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



  अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. परीक्षेचा ताण, मोबाइलचं वेड, अध्ययन अक्षमता यांवर आपण चांगलं काम केलं. छापील अहवाल तुमच्या पिशवीत आहे. परतताना गाडीत बसायला जागा मिळाली तर जरूर वाचा. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचंय. बरीच वर्षं ती कार्यकारिणीत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात येते आणि वेळ संपली म्हणून पुढच्या सभेवर जाते. आज माइक माझ्या हातात आहे.

आपण दर जूनमध्ये पालकांना एक पत्रक वाटतो. त्यात एक सूचना आहे: मूल कोणाच्या घरी खेळायला जातं याकडे लक्ष ठेवा, तिथलं वातावरण ठीक वाटत नसेल तर पाठवू नका. सूचना वाचायला शहाणपणाची वाटते आणि पालक ती तंतोतंत पाळतात. मुलगी घरी येऊन सांगते, "आई, तिचे काका तिला कसेतरीच जवळ घेतात, ती रडते." आई दचकते, दोन रात्री झोपत नाही आणि तिसऱ्या दिवशी फर्मान काढते की तिच्या घरी पाऊल टाकायचं नाही. आपली पोर वाचली! पण त्या घरातली पोर संध्याकाळी सातला उठून दुसऱ्या घरी जात नाही. ती तिथेच जेवते, तिथेच झोपते. तिला जी एक मैत्रीण होती, तीही आपण आपल्या पत्रकाने काढून घेतली.

माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे. 'गुड टच, बॅड टच' आपण घरोघरी पोचवलं. मुलांना सांगितलं, बोला, घाबरू नका. मुलं बोलायला लागली. पण ती आधी मित्राशी बोलतात. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात शाळेत पहिली खबर आणणारा बहुतेक वेळा वर्गमित्रच असतो. पीडित मुलासाठी आपल्याकडे कार्यक्रम आहे, त्याच्या आईवडिलांसाठी आहे, शिक्षकांसाठी आहे. ज्या मित्राला सगळं ठाऊक असतं त्याच्यासाठी, आणि तो घरी येऊन ज्या बाईला सांगतो तिच्यासाठी, काहीही नाही.

आकडे तुम्हाला पाठ आहेत, तरी एकदा ऐका. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांत निम्मे जण मुलाच्या ओळखीतले, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगा, घरातलाच माणूस मारत असेल, तर घरच्यांनी तक्रार करावी ही अपेक्षा कुणाकडून ठेवायची? बाहेरच्याच माणसानं बोलायला हवं, आणि त्या घरात बाहेरचं जाणं-येणं असतं ते मुलाच्या मित्राचं.

सकाळच्या परिसंवादात तीन मतं आली. ती मांडणारे तिघेही माझे स्नेही आहेत, तेव्हा मोकळेपणाने बोलते.

पहिलं मत असं की आधी खात्री करून घ्यावी. मुलुंडच्या एका इमारतीतल्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. तपशील अर्थातच बदलून सांगते. त्यांच्या मुलाचा मित्र क्लास सुटला की रोज त्यांच्याकडे यायचा. सुरुवातीला बिस्किटं, मग जेवण, मग "काकू, आज इथेच झोपू का?" एकदा बाहीवर वरण सांडलं म्हणून बाईंनी शर्ट बदलायला दिला, तर दंडावर उलथन्याचा चटका. नुसता डाग नव्हे. उलथन्याच्या कडेची सरळ रेघ उमटलेली, आणि तिच्याखाली एक जुनी, सुकलेली. विचारलं तर म्हणाला, "भाकरी करताना लागलं." दहा वर्षांचा मुलगा, भाकरी करताना! बाई मला म्हणाल्या, "मॅडम, कळतंय सगळं. पण उद्या लिफ्टमध्ये त्यांच्यासमोर उभं राहायचंय. आणि पोलीस त्याला डोंगरीच्या बालगृहात टाकतील, त्यापेक्षा घर बरं ना?"

या दोन वाक्यांत आपलं सगळं उपनगर आलं. लिफ्ट आणि डोंगरी. पूर्वी चाळीत असं नव्हतं, हे मला कृपया सांगू नका. मी चाळीत वाढले. पलीकडच्या खोलीतला पट्ट्याचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा आणि रेडिओ मोठा व्हायचा. तरी एक होतं: ते मूल रडत बाहेर आलं की गॅलरीतली कोणीतरी आजी त्याला पदराखाली घ्यायची. आता दाराला सेफ्टी डोअर आहे, खाली वॉचमन आहे, सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभात आहे. ती आजी कुठे गेली कोण जाणे.

त्या बाईंना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. खात्री करणं हे तुमचं काम नाही. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे. त्याच्या कलम १९प्रमाणे लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. न कळवणाऱ्याला मात्र कलम २१प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं यासाठी २०१५च्या बालन्याय कायद्याचं कलम ७५ आहे. तिथे शेजाऱ्यावर सक्ती नाही, पण कुणीही नागरिक बालकल्याण समितीकडे जाऊ शकतो. आणि डोंगरीबद्दल: मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्या कायद्यातच तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. बाईंनी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला, फोन लावला. त्या मुलाची मावशी होती. तो आज तिच्याकडे राहून शिकतो.

दुसरं मत: पोलीस कशाला, आधी त्या पालकांना बोलावून समजावून सांगावं. ऐकायला फार सुसंस्कृत वाटतं. एका शाळेत हेच झालं. मुख्याध्यापकांनी वडिलांना 'सहज' चहाला बोलावलं, मुलाचा मित्र काय म्हणाला तेही सांगितलं. सोमवारी मुलगा आला नाही. गुरुवारी वडील शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेले. पुढची शाळा कोणती, कुणाला ठाऊक नाही. मारणाऱ्याला आधी सावध करून मुलाचं भलं झालेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी उभं राहून सांगावं.

तिसरं मत सगळ्यांत विचारी आहे आणि त्याला माझा मान आहे. सक्तीने कळवायचं ठरलं, तर मुलं आपल्याशी बोलायचीच थांबतील, हे ते मत. स्त्रियांसाठी काम करणाऱ्या मुंबईतल्या अनुभवी वकील-कार्यकर्त्याही हे म्हणत आल्या आहेत. मी एका आठवीतल्या मुलीची गोष्ट सांगते. मैत्रिणीने तिला गळ्याची शपथ घातली होती. ती मोडून ती माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, "सांगणार. हे मला पोटात ठेवता येणार नाही." ती रुसली नाही. तिने रुमालाची घडी घातली, उलगडली आणि विचारलं, "मग आता कोण येणार?" पोलीस येणार, बाई असतील, गणवेशात नसतील, मैत्रिणीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हवा तिथे घेतील, एवढं मी सांगितलं; पॉक्सोच्या कलम २४मध्ये हेच आहे. तिला खोटं आश्वासन नको होतं, पुढे काय होणार ते हवं होतं. मुलं सांगायची थांबतात ती सांगूनही काही घडत नाही म्हणून.

खोट्या तक्रारींचं भूत मधूनच उभं केलं जातं. सोसायटीतली भांडणं, जागेचे वाद. २०२२च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी याच कारणाने आदेश काढला होता की वरिष्ठांच्या परवानगीशिवाय पॉक्सोचा गुन्हा नोंदवू नये. गदारोळ झाला, तो आदेश टिकला नाही, ते बरंच झालं. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा द्यायला कलम २२ आहेच. त्यासाठी खरं बोलणाऱ्याच्या वाटेत फाटक लावायची गरज नाही.

गप्प राहण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात कळवलं नाही म्हणून डॉक्टरवर गुन्हा होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ऑगस्ट २०२४चं बदलापूर तर आपल्या गाडीच्या वाटेवरचंच. शाळेतच अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या दोन मुली. एकीच्या घरच्यांनी दुसरीच्या घरी विचारलं म्हणून दोन्ही गोष्टी जुळल्या, असं बातम्यांत आलं होतं. पुढे गुन्हा नोंदवायला झालेला उशीर, २० ऑगस्टचा रेल रोको, शाळेच्या विश्वस्तांवर न कळवल्याचा गुन्हा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. त्या रेल रोकोवर आपण खूप बोललो. एका घराने दुसऱ्या घरी केलेल्या त्या विचारणेवर आपल्यापैकी कुणी काही लिहिलेलं मी वाचलं नाही.

१०९८ ही हेल्पलाइन १९९६ साली याच मुंबईत, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. २०२३मध्ये ती सरकारकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. कारभार कुणाकडे असावा यावर वाद घालू. पण नंबर तोच आहे आणि फोन फुकट आहे. तो आपल्या पत्रकावर आहे का? आहे. मागच्या पानावर, प्रायोजकाच्या जाहिरातीखाली.

पुढच्या वर्षी काय करायचं, हे अध्यक्षाने सांगायचं असतं. मित्राच्या आईसाठी एक पान तयार करावं असं मला वाटतं: मूल जे शब्द बोललं तेच तारखेसह लिहून ठेवा, उलटतपासणी घेऊ नका, गुपित राखायचं वचन देऊ नका, त्या घरी फोन करू नका, १०९८ किंवा ११२ला करा, आणि त्या मुलाचं तुमच्याकडे येणं बंद करू नका. आपलं मूल त्या घरी पाठवायचं नसेल तर पाठवू नका, पण त्यांचं मूल आपल्याकडे येऊ द्या. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांमध्ये हे न्यावं, बालकल्याण समितीच्या सदस्यांना शाळांत बोलवावं, असंही मनात आहे. कसं, कधी, कुणी, हे कार्यकारिणी ठरवेल. एक छोटी समिती नेमू. समित्यांचा आपल्याला सराव आहे.

पत्रकातली 'वातावरण ठीक वाटत नसेल तर पाठवू नका' ही ओळ मात्र समितीकडे पाठवू नका. ती आजच्या समारोपाच्या सभेत दुरुस्त झाली पाहिजे, आणि तसा ठराव मी स्वतः मांडणार आहे. सूचक मिळाली, अनुमोदक हवा. विरोध असेल त्यांनी हात वर करून करावा. विषय पुढच्या सभेवर ढकलायला यंदा अध्यक्षांची परवानगी नाही.