वाढत्या अंगाची खुर्ची

लहान मुलांच्या फर्निचरच्या दुकानात शिरलं की आईबाबांची नजर आधी रंगावर जाते. खुर्चीच्या पाठीवर अस्वल आहे का, पलंग मोटारीच्या आकाराचा आहे का, याची चौकशी होते. मुलाला खुर्चीत बसवून त्याचे पाय कुठं येतात, हे मात्र फार थोडे जण बघतात. आजच्या भाषणाचा मुद्दा तेवढाच आहे: पाय टेकले पाहिजेत.

नॉर्वेचे डिझायनर पेटर ऑप्सविक यांच्या घरीच ही अडचण उभी राहिली. मुलगा बाळखुर्चीत मावेना, आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसवला तर पाय अधांतरी, हात टेबलाला पुरत नाहीत. यातून त्यांनी ‘ट्रिप ट्रॅप’ ही लाकडी खुर्ची घडवली; स्टोके कंपनीनं ती १९७२ साली बाजारात आणली. दोन तिरप्या बाजू, त्यांच्या आतल्या अंगाला एकाखाली एक खाचा आणि त्यांत सरकणाऱ्या दोन फळ्या. एक बसायला, दुसरी पाय ठेवायला. मूल उंच झालं की फळ्या खाली घ्यायच्या.

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत. परकराला खाली दुमड घालून ठेवायची आणि मुलगी उंच झाली की ती उसवायची. ही खुर्चीही वाढत्या अंगाची. पण परकर पहिल्या वर्षी जरा ढगळ दिसला तरी खपतो. खुर्ची पहिल्या दिवसापासून मापातच बसावी लागते. आणि परकर धाकटीकडे गेला की उसवलेली दुमड पुन्हा घालत बसा. इथं फळ्या वर सरकवल्या की काम झालं!

मुलांच्या वस्तू देखण्या नसाव्यात, असं कुणी म्हणत नाही. डेन्मार्कच्या क्रिस्तियान व्हेडेल यांची १९५७ ची खुर्ची म्हणजे वाकवलेलं प्लायवुड आणि त्यातल्या चिरांत बसणाऱ्या फळ्या. फळीची जागा बदलली की बैठकीची उंची बदलते, आणि खुर्ची आडवी केली की मुलांचं खेळणं होतं. मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर यांनी १९६४ साली कार्टेल कंपनीसाठी केलेल्या प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्या एकावर एक रचून मुलांना किल्ला बांधता येतो. दोन्ही आज डिझाइनच्या इतिहासात मानानं बसल्या आहेत, आणि दोन्हींवर एकही अस्वल नाही. अस्वलाशी मुलाचं दोन वर्षांत बिनसतं. खुर्ची तेवढी उरते.

पायांचा मुद्दा पुन्हा एकदा, कारण नेमका तोच निसटतो. पायांना आधार नसला की मूल खुर्चीवरून पुढं घसरतं, चुळबुळ करतं, एक पाय दुमडून बसतं. मग मोठी माणसं ओरडतात, ‘नीट बस!’ नीट बसायचं तरी कशाच्या जोरावर?

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह उघडलं, तेव्हा मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या टेबलखुर्च्या करून घेतल्या. त्यांचा विचार ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेला, तोही स्थानिक, स्वस्त वस्तूंतून साधनं करून. तिथं मुलं जमिनीवर बसत. मराठी घरांतही पाटावर मांडी घालून बसलेल्या मुलाचे पाय कधी लोंबकळले नाहीत. डायनिंग टेबल आलं ते मोठ्यांच्या मापाचं, आणि मुलांच्या पायांचा विचार मागं राहिला.

परदेशी खुर्ची महाग पडते, ही तक्रार रास्त आहे. पण घरातल्या जुन्या खुर्चीला पाय ठेवायची फळी लावायला नॉर्वेला जावं लागत नाही. सुताराला फक्त मुलाचं माप द्यायचं: मांडी आडवी, गुडघा काटकोनात, तळवा पूर्ण टेकलेला. फळीला दोन-तीन खाचा ठेवायला सांगायचं, म्हणजे पुढच्या वर्षी ती उतरवता येईल.

वेळ संपत आली आणि कपाटांचा विषय राहूनच गेला. मुलं खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येतं. अशा अपघातांत मुलं दगावल्यावर आयकिया कंपनीला २०१६ साली एकट्या अमेरिकेतून खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवावी लागली. त्याबद्दल सविस्तर पुन्हा केव्हातरी. तूर्त सुतार फळी बसवायला येईल, तेव्हा खणांचं कपाटही भिंतीला पक्कं जखडून घ्यावं.