विमानाची रिपिटं



मला सांगितलं होतं, सॉफ्टवेअरवर बोल. पण गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी आणि नवरा अमेरिकेत आमच्या गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधतोय, तेव्हा त्याबद्दलच बोलते. हसू नका. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ साली ते मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं. आमचं तर किटचं आहे, भाग कापून येतात. मात्र निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी हातानं केलेलं असावं, असा तिथला नियम आहे. आणि त्यातलं बरंचसं काम म्हणजे रिव्हेट. हजारो.

रिव्हेट म्हणजे आपलं रिपीट. बादलीच्या कडीचं, ट्रंकेच्या कोयंड्याचं. एकानं बाहेरून हवेवर चालणारी गन रिपिटाच्या डोक्यावर धरायची, दुसऱ्यानं आतून शेपटाला जड ठोकळा टेकवायचा. शेपूट चेपून त्याचं बटण होतं. ते रिपिटाच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. ठोकळा कलला की बटण कलतं. गन घसरली की पत्र्यावर चंद्रकोर उमटते. पहिल्या रविवारी माझ्या तीन चंद्रकोरी झाल्या.

शेपटीकडचा भाग निमुळता. मी लहानखुरी, म्हणून आत मी शिरले. आडवी पडून ठोकळा धरला, बाहेर गन सुरू झाली, आणि मी थेट अण्णांच्या दुकानात पोचले.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसेल. माझ्या वडिलांचं पत्र्याचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, ट्रंका. कोठी उंच असली की ते मला आत उतरवायचे. मी आतून लोखंड धरायचे, ते बाहेरून हातोडा मारायचे. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर-लोहाऱ्याकडून चेपलेल्या ट्रंका, कोठ्या आल्या. तेव्हा शाळा सुटली की रात्रीपर्यंत माझं तेच काम. आणि वर्गात मी सांगायचे, वडील नोकरी करतात. तुमच्यापैकी कुणी दुकानावरून जाताना दिसलं की मी कोठीतून वर डोकं काढायची नाही. हे त्यांच्यासमोर आज पहिल्यांदा सांगतेय.

मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर त्यांना एक ओळ दाखवली.

"ते तिसरं कलतं बसलंय."

"अण्णा, मापात आहे. काढताना भोक मोठं झालं तर जास्त नुकसान."

"मापात आहे म्हणतीस, अन् एका बाजूनं पातळ दिसतंय. फिरवून माप की."

फिरवून मापलं. एका बाजूनं कमीच होतं. त्याच मापाचं ड्रिल डोक्याच्या बरोबर मध्यावर लावून, डोकं सैल होताच थांबून, पंचनं बाकीचं अलगद बाहेर काढलं. एका रिपिटाला पाऊण तास. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की मी ओळ खोडते आणि पुढे जाते. इथं भोक एकच असतं. ते मोठं झालं नाही, एवढं नशीब.

पंख अजून बाकी आहेत, उडायला वेळ आहे.

अण्णा तिसऱ्या रांगेत बसलेत. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली. कुणाच्या घरी त्यांच्या हातची कोठी किंवा ट्रंक अजून असेल, तर जेवताना त्यांना सांगा. सकाळपासून ते तेवढंच विचारतायत.