माझ्या लेकीचे प्राग

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाजीच्या गाडीवर गाठले आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मला पुरणाचे विचारा, रांगोळीचे विचारा." तर म्हणाल्या, "लेकीने पाहिलेल्या गावाचे तुम्ही जिन्यात उभ्या राहून सांगता ना, तेच इथे उभे राहून सांगा." तेव्हा हे भाषण नव्हे, जिन्यातले बोलणे आहे असे समजून ऐका. चुकले तर सांभाळून घ्या.

आमची थोरली जर्मनीत ड्रेस्डेन गावी शिकते हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तिच्या जाण्याच्या वेळी माझ्या पाटल्या मोडल्या, तेही ठाऊक आहे. २०२४ च्या मे महिन्यात तिला आठवडाभराची सुट्टी होती. तिने फोनवर सहज सांगावे तसे सांगितले, "आई, मी प्रागला चालले आहे, सात दिवस. आगगाडीने अडीच तासही लागत नाहीत." माझे पित्त खवळले. मी म्हटले, "डोक्यावर बँकेचे कर्ज, आणि तुला गावे बघण्याचे सुचते?" ती म्हणाली, "शनिवार-रविवार भांडी विसळून साठवलेले पैसे आहेत माझे." मी म्हटले, "तुझे आणि माझे कधीपासून झाले?" झाले! तिने फोन ठेवला. दोन दिवस तिचा फोन नाही आणि माझाही नाही. आमचे यजमान म्हणाले, "तू कर." मी केला नाही. मेली खोड, दुसरे काय!

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी भाकरी थापीत होते, तोच फोन वाजला. तिकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे पहाटेचे साडेपाच. माझ्या काळजात धस्स झाले. पाहते तर फोनमध्ये नदी, नदीवर धुके आणि एक लांबच लांब दगडी पूल. लेक म्हणाली, "आई, काही बोलू नकोस. नुसते बघ." माझे हात पिठाचे. फोन डब्याला टेकवून ठेवला आणि पाहिले. तव्यावरची भाकरी करपली.

त्या नदीचे नाव व्हल्टावा आणि पुलाचे नाव चार्ल्स पूल. आधी तिथे दुसरा दगडी पूल होता, ज्युडिथ नावाच्या राणीचा. १३४२ च्या महापुरात तो वाहून गेला. मग चौथा चार्ल्स नावाच्या राजाने हा बांधावयास घेतला. मजेची गोष्ट अशी की, राजाने मुहूर्त काढून पाया घातला असे तिकडचे लोक सांगतात. साल १३५७, तारीख ९, महिना सातवा, पहाटेचे ५ वाजून ३१ मिनिटे. आकडे मांडून बघा हो! एक, तीन, पाच, सात, नऊ आणि पुन्हा सात, पाच, तीन, एक. चढले तसे उतरले. माझी लेक मुद्दाम त्याच वेळेला पुलावर जाऊन उभी राहिली होती. दिवसा तिथे हळदीकुंकवाला होते त्याहून जास्त गर्दी असते म्हणे. दुसरी दंतकथा अशी की चुन्यात मिसळायला गावोगावहून अंडी मागविली, आणि एका गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठविली! आपल्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ घालीत, तिकडे अंडी. पूल पाचशे मीटरहून थोडा लांब आहे आणि दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत. एक पुतळा नेपोमुकच्या जॉनचा. राणीने त्याच्याजवळ मन मोकळे केले, राजाने विचारले तरी त्याने ते सांगितले नाही, म्हणून त्याला नदीत ढकलून दिले असे लोक मानतात. आपल्या जिन्यात त्याचा पुतळा बसवावा असे माझ्या मनात आले.

मी तिला एवढेच विचारले, "जेवलीस का?" आणि तिथून आमचा अबोला सुटला. मग रोज संध्याकाळी फोन. मी घरी बसून प्राग पाहिले.

प्राग ही चेक लोकांची राजधानी. नावाची गोष्ट मला फार आवडली. लिबुशे नावाची एक शहाणी बाई तिथे राज्य करीत होती, न्याय देत होती. बाई न्याय देते म्हणून पुरुषांनी कुरकुर केली, तेव्हा तिने एका नांगरधाऱ्याला नवरा करून घेतला. एकदा नदीकाठच्या टेकडीवर उभी राहून ती म्हणाली, मला एक मोठे नगर दिसते आहे, त्याची कीर्ती ताऱ्यांना भिडेल. जा, रानात एक माणूस आपल्या घराचा उंबरठा तासताना सापडेल, तिथे गाव वसवा. त्यांच्या भाषेत उंबरठ्याला 'प्राह' म्हणतात आणि गावाला ते 'प्राहा' म्हणतात. ही कथाच आहे, इतिहास नव्हे, हे लेकीने बजावले आहे. पण ज्या बायांचे आयुष्य उंबरठ्याशी गेले त्यांना ही कथा गोड लागणारच.

जुन्या गावाच्या चौकात एक घड्याळ आहे, १४१० सालचे. घड्याळ कसले, भिंतीवर लावलेले पंचांगच! सूर्य कोणत्या राशीत, चंद्र कोणत्या राशीत, सूर्य मावळल्यापासून किती तास झाले, सारे त्यात दिसते. तासाला वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरतात, हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. सापळ्याच्या जोडीला आरशात बघणारा एक दिमाखी माणूस आणि पैशाची थैली धरलेला एक कंजूष आहे. हे घड्याळ तिने अबोल्याच्या पहिल्या दिवशी पाहिले. पुढे मला म्हणाली, "त्या थैलीवाल्याकडे पाहून तुझी आठवण झाली." घ्या!

त्याच चौकात यान हूस यांचे स्मारक आहे. लोकांना लोकांच्या भाषेत धर्म सांगणारा हा माणूस. त्याला १४१५ साली जिवंत जाळले. तिकडे टेकडीवर राजवाडा आणि सेंट व्हिटसचे मोठे देऊळ आहे. त्याचा पाया १३४४ ला घातला आणि ते पुरे झाले १९२९ ला. आमचे यजमान म्हणाले, "मंडळाच्या सभागृहाला अजून सातच वर्षे झाली आहेत. घाई करू नका." अध्यक्षबाई, रागावू नका, हे शब्द माझे नाहीत.

वर्गणीचे निघालेच आहे तर नाट्यगृहाची गोष्ट ऐकाच. त्या वेळी चेक लोकांवर व्हिएन्नाच्या बादशहाचे राज्य होते. आपल्या भाषेतली नाटके आपल्या घरात व्हावीत म्हणून लोकांनी पैपैसा जमवून नदीकाठी राष्ट्रीय नाट्यगृह बांधले. जून १८८१ मध्ये पडदा उघडला. खेळ कोणता, तर त्याच लिबुशेवरचे संगीत नाटक. आणि ऑगस्टमध्ये आग लागून सारे जळाले. दोन महिन्यांपूर्वी बारसे केलेले मूल जावे तसे झाले असेल. पण लोकांनी पुन्हा झोळी फिरविली आणि ४७ दिवसांत दहा लाख गुल्डन जमविले. १८८३ साली तेच नाटक पुन्हा लागले. रंगमंचाच्या वर सोन्याच्या अक्षरांत लिहिले आहे, 'राष्ट्राने स्वतःला'. लेकीला तिकीट परवडले नाही. ती बाहेर पायरीवर बसून आली.

आता जे सांगते ते जिन्यातही कुणाला सांगितले नव्हते.

पाचव्या दिवशी ती यहुदी लोकांच्या जुन्या वस्तीत गेली. आपल्या कोकणातले शनवारतेली त्याच धर्माचे. पिंकास नावाचे त्यांचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर, वरपासून खालपर्यंत, हाताने नावे लिहिली आहेत. हिटलरच्या लोकांनी बोहेमिया आणि मोराव्हियातले जे यहुदी मारले त्यांची नावे, सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार. आडनाव, नाव, जन्मतारीख. वरच्या मजल्यावर मुलांची चित्रे आहेत. तेरेझीन या गावी यहुद्यांना कोंडले होते, त्यात मुलेही होती. फ्रीडल डिकर-ब्रांडाईस नावाच्या एक चित्रकार बाई त्या मुलांना चोरून चित्रकला शिकवीत. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर आपले नाव घालायचे, असा त्यांचा नेम. १९४४ साली त्यांना आउश्विट्झला नेले. जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली. त्या परत आल्या नाहीत. बहुतेक मुलेही नाहीत. चित्रे राहिली. फुले, घरे, फुलपाखरे.

त्या संध्याकाळी फोनवर ती रडू लागली. मला वाटले, त्या मुलांसाठी रडते आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मी फेब्रुवारीत दोन विषयांत नापास झाले. तुला सांगितले नाही. तुझ्या पाटल्या डोळ्यांपुढे येत. खोलीत बसवेना म्हणून इकडे आले."

भगिनींनो, तीन महिने माझी पोर परक्या देशात हे एकटी गिळून बसली होती, आणि मी तिला थैलीचा हिशेब विचारीत होते. मला काय बोलावे ते सुचेना. मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी चौदा किलोमीटरवर तालुक्याला जावे लागे. मी वर्गात दुसरी आले होते. जूनमध्ये शाळेची पोरे घेऊन एस.टी. आमच्या दारावरून जाई, तेव्हा मी म्हशीच्या गोठ्यात जाऊन बसत असे. माझ्या आईला हे शेवटपर्यंत कळले नाही, कारण मी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. लेक गप्प झाली. मग म्हणाली, "गोठ्यात? रोज?" मी म्हटले, "साधारण दिवाळीपर्यंत." तर रडता रडता हसली.

उरलेले दोन दिवस मजेत गेले. मांस खात नाही म्हणून तिचे हाल होतील असे मला वाटले होते, पण तिकडे तळलेले चीज मिळते आणि बटाट्याचे एक थालीपीठ मिळते, लसूण घातलेले. त्यात अंडे असते, पण तेवढे ती खाते. हे सासूबाईंना सांगू नका. पाचशे कोरुनाच्या नोटेवर एका बाईचे चित्र आहे, बोझेना नेम्त्सोव्हा, लेखिका. तिने १८५५ साली एका आजीवर कादंबरी लिहिली, ती तिकडे घरोघर माहीत आहे. आणि वेन्सेस्लास चौकात बाटाची मोठी काचेची इमारत आहे, १९२९ सालची. बाटा मूळचे तिथले हो! १८९४ मध्ये झ्लिन गावी दोन भाऊ आणि एक बहीण यांनी काढलेला कारखाना. बहिणीचे नाव आना. मी जन्मभर बाटाच्या चपला घातल्या आणि कंपनी आपलीच समजत होते.

त्याच चौकात नोव्हेंबर १९८९ मध्ये लाखो लोक जमले होते. सुरुवात विद्यार्थ्यांनी केली. हातात शस्त्र नाही, काही नाही. सर्वांनी खिशातून घरच्या किल्ल्या काढल्या आणि वाजविल्या, की आता तुम्ही घरी जा. वर्ष संपण्याच्या आत राजवट बदलली. लेकीने चौकात उभे राहून आपल्या खोलीच्या किल्ल्या फोनसमोर वाजविल्या. मीही कमरेचा जुडगा काढून वाजविला. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटले कपाट उघडत नाही.

दोन विषयांपैकी एक तिने पुढच्या परीक्षेत सोडविला. दुसरा राहिला होता, तो मला तिने त्याच दिवशी फोन करून सांगितला. आता तोही झाला आहे. चिटणीसबाई मघापासून चहाची खूण करीत आहेत, तेव्हा मी बसते.