अपुरी गोधडी



निवृत्त शाळामास्तर नभोवाणीवर बोलावयास आला, म्हणजे शुद्धलेखन, शिस्त अथवा हल्लींचीं मुलें यांपैकीं एखाद्या विषयावर आपणांस ऐकून घ्यावें लागणार, अशी आपली समजूत झाली असेल तर तिचा दोष मी आपल्याकडे देत नाहीं. परंतु आज मी गोधडीविषयीं बोलणार आहें. आणि तेंही गोधडी पांघरण्याविषयीं नव्हे, शिवण्याविषयीं. जुन्या मॅट्रिकवर मीं सदतीस वर्षें मास्तरकी केली. हातांतला खडू गेला आणि सुई आली, ती कशी आली एवढेंच सांगावयाचें आहे.

आमच्या सोलापुरांत गोधडीला तीन भाषांतलीं नांवें आहेत. मराठी घरांत ती गोधडी किंवा वाकळ, कानडी घरांत कौदी, आणि मागावर काम करण्यासाठीं तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली घरांत बोंत. तान्ह्या मुलासाठीं केलेली लहान गोधडी म्हणजे दुपटें. १८७७ सालीं जुनी गिरण सुरू झाली, तेव्हांपासून हें शहर सुतावर जगलें. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन कित्येक वर्षें लोटलीं, तरी सोलापुरी चादरीचें नांव देशभर आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. परंतु जीं माणसें ही चादर विणतात, तीं स्वतः पुष्कळदां झोंपतात गोधडीवर. गोधडीला बाजार नव्हता, म्हणून तिला भाव नव्हता. आणि भाव नव्हता, म्हणून ती कोणीं केली हें कोणी विचारीतही नसे.

माझी पत्नी दरवर्षीं एक गोधडी शिवीत असे. दिवाळीनंतर ती शिवावयास बसली, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत गोधडी पुरी होई. मी शेजारीं बसून वह्या तपाशीत असें. त्या काळांत तिनें किती टांके घातले आणि मीं किती चुकांखालीं तांबड्या रेघा ओढल्या, याचा हिशेब मांडला तर माझें काम फार थोडें भरेल. ती जाऊन सहा वर्षें झालीं. ती गेली त्याच्या पुढच्या वर्षीं घटस्थापनेपूर्वीं अंथरुणें-पांघरुणें धुण्यासाठीं मीं माळ्यावरून खालीं काढलीं. (आमच्याकडे नळाला पाणी कांहीं दिवसांआड येतें, त्यामुळें गोधड्या धुणें हा एक स्वतंत्र सणच असतो.) तेव्हां त्यांत गुंडाळून ठेवलेली एक अपुरी गोधडी निघाली. सुई तशीच टोंचलेली होती. ती गंजली होती आणि तिचा तांबूस डाग कापडाला लागला होता.

गोधडीची रचना वरवर पाहतां सोपी आहे. खालीं एक जुनें लुगडें, वर दुसरें, मध्यें झिजलेलीं धोतरें, सदरे, फाटके पंचे. हे थर जमिनीवर पसरावयाचे, कोंपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता असें कांहीं जड ठेवून ताणून घ्यावयाचे, मोठे कच्चे टांके घालावयाचे, आणि मग साध्या धावदोऱ्यानें शिवीत जावयाचें. नवें कापड यांत उपयोगाचें नाहीं. शंभरदां धुतलेलें सूत जितकें मऊ होतें तितकें दुसऱ्या कशानें होत नाहीं, आणि सुईही त्यांतूनच सुखानें जाते. परदेशी पुस्तकांत बहुधा असें सांगितलेलें असतें कीं, शिवण मध्यापासून सुरू करून कडेकडे न्यावी, म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते. आमच्या बायका नेमकें उलट करतात. त्या कडेपासून आरंभ करून चौफेर फिरत फिरत आंत येतात. त्यामुळें कडा पक्क्या होतात खऱ्या, पण जें कापड सैल राहिलें तें सगळें शेवटीं मध्यभागीं येऊन जमतें. तें बेमालूम जिरविणें हीच खरी कसोटी.

माझ्या पत्नीचें काम कडेनें आंत येत येत बरेंच पुढें गेलें होतें. मध्यें सुमारें दोन हात लांब आणि दीड हात रुंद एवढाच तुकडा राहिला होता. वरचें लुगडें माझ्या आईचें, इरकली, तांबड्या कांठाचें; आंत वडिलांचीं धोतरें आणि माझे शाळेंतले सदरे. सोपें तेवढें तिनें करून ठेवलें आणि अवघड तें माझ्या वांट्याला आलें.

ती गोधडी पुरी करावी, असें मला लगेच वाटलें असें नाहीं. बरेच दिवस मीं ती तशीच बांधून ठेवली. मग एके दिवशीं शेजारच्या तेलुगु अम्मांकडे घेऊन गेलों. अम्मा ऐंशीच्या घरांतल्या; त्यांचें सगळें आयुष्य विड्या वळण्यांत आणि बोंती शिवण्यांत गेलें. त्या करून देतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनीं गोधडी हातांत घेतली, कडेवरून बोट फिरविलें आणि म्हणाल्या, "हे तुम्हीच करा, मास्तर. मी दाखवते." मीं सुई हातांत घेतांच त्या हांसल्या. "खडू धरल्यागत सुई धरायलाव की हो!"

अम्मांनीं मला त्या गोधडीला हात लावूं दिला नाहीं. आधीं दुपटीं शिवावयास लावलीं. पहिल्या दुपट्याचे टांके पाहून मला माझ्या वर्गांतील बिगारीच्या मुलांच्या अक्षरांची आठवण झाली: कांहीं तांदळाएवढे, कांहीं चिंचोक्याएवढे. बोटांत अंगुस्तान घालावयास मी लाजत होतों, तों बोट सुजलें; मग लाज गेली. गल्लींतल्या लोकांना प्रथम मौज वाटली. शिंप्याच्या दुकानांत यंत्रावर बसलेले सगळे पुरुषच असतात, त्यांना कोणी हांसत नाहीं. पैसे मिळाले तर तो धंदा, न मिळाले तर बायकी काम! पंढरपूर आमच्याच जिल्ह्यांत आहे, आणि नामदेवमहाराज शिंपी होते हें मीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें आहे. परंतु अशीं उत्तरें सुचतात तीं घरीं परतल्यावर. पुढें गल्लींत चार बाळंतपणें झालीं, चार दुपटीं तिकडे गेलीं, आणि हांसणें आपोआप थांबलें.

पांचवें दुपटें पाहून अम्मा कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पत्नीची गोधडी माझ्यापुढें पसरली. मधला तो तुकडा शिवावयास मला चार महिने लागले. मधोमध कापडाचा फुगवटा आला. मीं तो भाग तीनदां उसवला. चौथ्या वेळीं अम्मांनीं हात धरला. फार उसवलें तर जुनें लुगडें विरतें, असें त्यांचें म्हणणें पडलें.

माझा हा नाद पाहून मुलीनें मला मोबाईलवर निरनिराळ्या देशांतील गोधड्या दाखविण्यास सुरुवात केली. अमेरिकेंत अलाबामा राज्यांत नदीच्या वळणांत जीज बेंड नांवाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णी बायका, ज्यांचे पूर्वज गुलाम होते, नवऱ्याचे शेतांत झिजलेले कपडे जोडून गोधड्या करीत. त्या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टनच्या आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्यें तिकडच्या टपाल खात्यानें त्यांचीं तिकिटें काढलीं. आपल्या बाजूलाही उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी बायका गोधडीच्या कोंपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचीं फुलें लावल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनीं तर महाराष्ट्रांतील गोधड्यांवर इंग्रजींत स्वतंत्र पुस्तकच लिहिलें आहे. हें सगळें पाहिल्यावर, आपलीही गोधडी कोठें तरी मांडावी, असा मोह मला झाला. तो मोहच होता. त्याला दुसरें नांव देण्यांत अर्थ नाहीं.

दुसऱ्या एका शहरांत असें प्रदर्शन भरणार होतें. त्याचे नियम आले. गोधडीच्या मागें वरच्या कडेला कापडाची नळी शिवावी, म्हणजे तींत काठी घालून ती टांगतां येते. मागें एका कोंपऱ्यांत करणाराचें नांव, गांव आणि वर्ष लिहिलेली कापडी पट्टी असावी. अर्जावर नांवाची जागा एकच होती. दोन नांवें चालतील काय, असें मीं विचारलें. एकच लिहावें, असें उत्तर आलें. मीं दोन दिवस विचार केला आणि पट्टीवर पत्नीचें नांव लिहिलें. आयुष्यभर तिनें केलेल्या एकाही गोधडीवर तिचें नांव नव्हतें. पाठविणार म्हणून माझें नांव अर्जाच्या खालीं घातलें.

प्रदर्शन पहावयास मी स्वतः गेलों होतों. दालन सुंदर होतें. नव्या कापडाचे, नक्षीचे, कित्येक महिने खपून केलेले नमुने होते, आणि ते करणाऱ्या बायकांचे कष्ट मला आतां कळत असल्यामुळें मी एकेकापुढें बराच वेळ उभा राहिलों. पांढरे हातमोजे घातलेल्या मुली कोणी विचारल्यास कोंपरा उलटून मागची बाजू दाखवीत. प्रेक्षकांनीं हात लावूं नये, अशी पाटी होती. एक नऊवारी नेसलेल्या बाई आमच्या गोधडीपुढें आल्या, त्यांचा हात आपोआप पुढें झाला आणि पाटी पाहून मागें गेला. त्यांना सांगावेंसें वाटलें, "लावा हो हात, गोधडी ती!" पण नियम मीही शाळेंत पुष्कळ लावले आहेत, गप्प राहिलों.

बक्षीस मिळालें नाहीं, त्याचें मला विशेष वाटलें नाहीं. गोधडीबरोबर परीक्षकांचा शेरा परत आला, त्यानें मात्र मी अस्वस्थ झालों. कडेचें काम उत्तम. मध्यभागीं टांके असमान, कापडास फुगवटा. कामांत सातत्य नाहीं. शेऱ्यांतला शब्द न् शब्द खरा होता. परीक्षकांची नजर इतकी पक्की कीं, तिचा हात कोठें थांबला तें त्यांनीं बरोबर ओळखलें. पण शेऱ्याच्या माथ्यावर नांव होतें माझ्या पत्नीचें. दोष माझा, आणि तो लागला तिला. मीं आयुष्यभर मुलांच्या वहींवर शेरे लिहिले. कोणाची चूक कोणाच्या नांवावर गेली असेल, हें मीं कधीं पाहिलें होतें काय? त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

सकाळीं मीं ती पट्टी उसवली. नव्या पट्टीवर तिचें नांव लिहून पुढें "कडा" असें लिहिलें. खालीं माझें नांव लिहून पुढें "मध्य" असें लिहिलें. अम्मांना वाचतां येत नाहीं, म्हणून मीं ती वाचून दाखविली. त्यांनीं विचारलें, "आणि कापड कोणाचं, ते?" मग आईचें आणि वडिलांचें नांव घालण्यासाठीं पट्टी आणखी वाढवावी लागली.

ती गोधडी आतां माळ्यावर नाहीं. थंडींत मुलगी आली कीं नात ती अंगाभोंवतीं लपेटून घरभर फिरते, आणि मधला फुगवटा तिच्या बरोबर पाठीवर येतो. अम्मांनीं मला दुसरी गोधडी लावावयास सांगितलें आहे. घरांत जुनें कापड पुष्कळ आहे. पत्नीचीं पातळें ट्रंकेंत घडी करून ठेवलेलीं आहेत. तीं फाडण्याचा धीर अद्याप झालेला नाहीं. सध्यां मी माझ्या सदऱ्यांवर भागवीत आहें.