तिसऱ्या अंकाआधी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘शाळेने मला काय दिलं’. वेळ दहा मिनिटं. गणिताचे सर समोर बसलेत, त्यामुळे वेळेचा हिशेब चुकवायची हिंमत नाही. पण विषय मात्र थोडा वाकवते. मी आज बोलणार आहे ते शाळेमागच्या बांधीत झालेल्या एका नाटकाबद्दल. तुमच्यातले बरेच जण त्या रात्री समोर बसले होते. मी एकटी मागे होते. तेव्हा तुम्ही पाहिलं ते एक नाटक आणि मी पाहिलं ते दुसरं.

आपल्या मुलांसाठी आधी थोडं सांगते, कारण त्यातली बरीच पुण्या-नागपुरात वाढली आहेत. आपल्याकडे दिवाळीत भाऊबीज झाली आणि धान घरात आलं की नाटकं सुरू व्हायची ती होळीपर्यंत. मंडई, शंकरपट आणि रात्री नाटक. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या सगळ्या झाडीपट्टीत हीच रीत. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला. गावचं मंडळ वडशाला जाऊन नाटक ठरवणार, इसार देणार, मंडप टाकणार, तिकिटं विकणार. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालणार. त्या निमित्ताने लेकी माहेरी यायच्या, घरात पाय ठेवायला जागा नसायची, आणि त्याच गर्दीत दोन-चार सोयरिकी जुळायच्या. आपल्या वर्गातल्या एका जोडप्याची तिथेच जुळली आहे. नाव घेत नाही, दोघंही तिसऱ्या रांगेत बसलेत.

ही गंमत झाली, पण मुळात हा धंदा आहे. कंपनीला नटनट्यांची, वादकांची नाईट द्यायची असते, गाडीचं डिझेल असतं. मंडळाला ठरलेली रक्कम द्यायचीच असते, माणसं येवोत की न येवोत. नफा झाला तर गावाच्या कामाला. तोटा झाला तर? तो कोणाचा, हे आधी कोणी बोलत नाही.

१९९६ च्या जानेवारीत आपल्या मंडळाचे खजिनदार माझे बाबा होते. संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला. बांधीत चिखल. शेजारच्या गावांच्या बंड्या अर्ध्या वाटेवरून परत गेल्या. विवेकानंदपूर, सुंदरनगरचे आपले बंगाली वर्गमित्र मात्र सायकली खांद्यावर घेऊन आले. त्यांच्याकडे जात्रा होते, रात्रभर नाटक पाहण्याची सवय त्यांनाही आपल्याइतकीच. पण तेवढ्याने गल्ला भरत नाही. शिवाय कनातीखालून शिरलेले किती होते ते आज इथे विचारत नाही.

माझी दहावी होती म्हणून आईने नाटकाला जायचं नाही असं बजावलं होतं. बाबांना डबा द्यायच्या निमित्ताने मी मागच्या बाजूने गेले आणि तिथेच राहिले. मागे काय होतं सांगू? समोर ज्या बाईला सासरच्यांनी घराबाहेर काढलं म्हणून तुमच्या आया पदराने डोळे पुसत होत्या, ती बाई आत येऊन भजी खात होती. छळणारा सासरा तिच्यासाठी चहा गाळत होता. विंगेत वही आणि टॉर्च घेतलेला प्रॉम्प्टर प्रत्येक वाक्य आधी पुटपुटायचा, मग ते समोर गर्जना होऊन जायचं. एकदा त्याच्याकडून दोन पानं उलटली. नायक, ज्याला अजून भेटलाच नव्हता, त्या भावाच्या मरणावर रडायला लागला. ऑर्गनवाल्याने ते ओळखलं, मध्येच गाणं सुरू केलं, आणि गाणं संपेपर्यंत पान सापडलं. तुम्हाला काही कळलं नाही. तुम्ही वन्स मोअर दिला.

दुसरा अंक संपला, पडदा पडला आणि कंपनीचे व्यवस्थापक बाबांसमोर येऊन उभे राहिले. उरलेले अडीच हजार मिळाल्याशिवाय तिसरा अंक नाही. बाबांच्या पेटीत नऊशेच्या आसपास होते. आज मी त्या व्यवस्थापकाला दोष देत नाही. पहाटे त्यालाही वीस माणसांचे पैसे चुकते करायचे होते. पण त्या वेळी मला तो नाटकातल्या सासऱ्यापेक्षा दुष्ट वाटला. बाबा काही न बोलता चिखलातून किराणा दुकानदाराच्या घराकडे धावत निघाले.

आणि समोर लोक शिट्ट्या मारायला लागले.

तेव्हा कंपनीतला विनोदी नट, जो घरगड्याचं काम करत होता, हातातला चहा खाली ठेवून पडद्याबाहेर गेला. त्याला कोणी जा म्हटलं नव्हतं. पुढचं तुम्हाला आठवत असेल. त्याने पहिल्या रांगेतल्या आपल्या गणिताच्या सरांना उभं केलं. ‘गुरुजी, खुर्च्या इतक्या, जमिनीवर माणसं इतकी, तिकीट इतकं. गुणाकार करा. आता सांगा, खजिनदाराची पेटी रिकामी काऊन?’ सर म्हणाले, ‘उदाहरणात काहीतरी दिलेलं नाही.’ तो म्हणाला, ‘बरोबर! कनातीखालून आलेले दिलेच नाहीत. हात वर करा बाप्पा!’ आणि हसत हसत खरंच हात वर झाले. मग घरगड्याच्या लग्नाला आहेर म्हणून त्याने टोपी फिरवली. चाळीस मिनिटं तो एकटा माणूस समोर उभा होता, वहीतलं एकही वाक्य नसताना. प्रॉम्प्टर टॉर्च विझवून आमच्यासारखाच हसत होता.

टोपी आत आली आणि त्या नटाने ती माझ्या हातात दिली. पत्र्याच्या पेटीवर मी मोजले. सहाशे चाळीस रुपये, बहुतेक चिल्लर. उरलेले बाबांनी दुकानदाराकडून उसने आणले होते. तिसरा अंक झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे म्हणत होते, टोपीचा प्रवेश सगळ्यात भारी. तो नाटकात नव्हताच, हे मी तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, तर त्या रात्रीचा तोटा आमच्या घरी आला. मंडळाच्या बैठकीत सगळे हळहळले आणि घरी गेले. ते उसने पैसे चुकवायला आमचं धान विकलं, आणि नागपूरला अकरावीला जायचं ठरलेलं माझं गडचिरोलीवर आलं. पुढे अभियांत्रिकीला नागपूरला गेलेच, वाया काही गेलं नाही. पण मनात एक अढी बसली. वसतिगृहात मुली माझ्या ‘पानी’ आणि ‘काऊन’ची नक्कल करायच्या. मी झाडीपट्टी म्हणणं सोडून दिलं. ‘चंद्रपूरकडची’ म्हणायचे. नाटकाचा विषय निघाला की गप्प बसायचे.

२०१२ मध्ये ऑफिसच्या कामाने लंडनला होते. सहकारी एका नाटकाला घेऊन गेले, मायकेल फ्रेन यांचं ‘नॉइजेस ऑफ’. १९८२ चं, नाटकधंद्यावरचं गाजलेलं विनोदी नाटक. पहिल्या अंकात एका फिरत्या कंपनीची रंगीत तालीम. दुसऱ्या अंकात सगळा सेट फिरवलेला, तोच प्रवेश मागून. पुढे प्रेमाचे संवाद, मागे भांडणं, सार्डिन माशांच्या बश्यांचा गोंधळ. तिसऱ्या अंकात दौरा संपत आलाय, काहीच जागेवर राहिलेलं नाही, तरी खेळ चालू. फ्रेन यांना हे सुचलं ते १९७० मध्ये, स्वतःचंच नाटक विंगेतून पाहताना. समोरून दिसतं त्याहून ते मागून जास्त हसवणारं आहे, असं त्यांना वाटलं.

सगळं थिएटर हसत होतं. मीही हसत होते, आणि मध्येच माझे डोळे भरून आले. शेजारच्याला वाटलं हसून हसून. त्याला कसं सांगणार, की हे मी आधी पाहिलंय, मुलचेऱ्यात, चिखलात उभं राहून, आणि आमच्या नाटकात अडीच हजार रुपये खरे होते?

माझं कामही शेवटी पडद्यामागचं. रात्री दोन वाजता सर्व्हर बसतो, पाच-सहा माणसं फोनवर धावपळ करतात आणि सकाळी ग्राहकाला काही कळत नाही. हे काम मी इतकी वर्षं करू शकले, कारण पान हरवलं तर आधी ऑर्गन वाजवायचा आणि मग पान शोधायचं, हे मला पंधराव्या वर्षी दिसलं होतं. शाळेने काय दिलं, याचं माझं उत्तर हे आहे. शाळेने नाही तर तिच्या मागच्या बांधीने दिलं.

२०२२ मध्ये या नाटकांच्या जगावर ‘झॉलीवूड’ नावाचा सिनेमा आला. २०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात, पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. विनोदी नटाला पद्मश्री! आपल्या गटावर ती बातमी पहिल्यांदा मी टाकली. त्या दिवशी ऑफिसात कोणीतरी विचारलं, ‘ही झाडीपट्टी म्हणजे नक्की कुठे?’ मी म्हटलं, ‘माझं गाव.’ पहिल्यांदाच.

पण टाळ्या वाजवून मंडळं चालत नाहीत. आपल्या गावच्या मंडळात आज दहा पोरं जमत नाहीत. गेल्या वर्षी नाटक झालं नाही. कोणी इसार द्यायला धजत नाही, आणि का धजत नाही ते मला घरातून माहीत आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. पुढच्या जानेवारीत आपल्या बॅचचं नाटक, त्याच बांधीत. आज आपण एकतीस जण आलोय. तिकिटं सगळ्यांनी विकायची. कनात जमिनीला टेकलेली असेल, याची जबाबदारी ज्यांना आत शिरायच्या जागा माहीत आहेत त्यांच्याकडे.

काल रात्री बाबांना हे सांगितलं. ते आज मागच्या खुर्चीवर बसलेत, स्टेजवर यायला नाही म्हणाले. मला वाटलं, ते नको म्हणतील. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, ‘माणसं किती येतील ते कोणी सांगू शकत नाही. तोटा कोण भरणार, तेवढं आधी ठरवून घे.’

तर मित्रमैत्रिणींनो, जेवणाच्या आधी एक वही फिरणार आहे. त्यात देणगीचा रकाना नाही. तोट्यातला माझा वाटा, एवढा एकच रकाना आहे. पहिलं नाव मी लिहिलंय.

आणि वडशाला ठरवायला माझ्यासोबत कोण येतंय, तेही सांगा.